मास्तर, भांडण झालं एकदाचं

"आण्णासाहेब, सही करू नका! अहो, त्यो वकील फुटलाय! पेन ठेवा खाली, पेन!"

मास्तर, टीव्हीसमोर गुडघ्यांवर उभं राहून तुम्ही असे ओरडलात की बाहेर लिंबाखाली बांधलेली शेळी दावं तोडून थेट घोड नदीपर्यंत पळाली. भाभी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं घरात दरोडेखोर शिरला. शिरलं कुणीच नव्हतं. आण्णासाहेब रायबागकर नावाचा एक माणूस, ज्याला तुम्ही जन्मात भेटला नव्हतात, तो टीव्हीतल्या आपल्या कंपनीचे कागद थोरल्या मुलाच्या नावानं करून देत होता, आणि ते तुम्हाला मंजूर नव्हतं.

"त्यो ऐकतोय का तुमचं?" भाभी म्हणाल्या.

"ऐकंल की. क्लॅरोनेट फुंकणाऱ्याच्या छातीतला आवाज हाय ह्यो, मुंबैपातूर जातो."

आणि मास्तर, येमाईची शपथ घेऊन सांगतो, आण्णासाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खोकला आला म्हणून ठेवलं, असं भाभींचं मत. मी तिथं होतो. त्यांनी आधी तुमच्याकडं बघितलं, मग ते खोकले.

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. गावात लोक तुमच्याबद्दल काय काय बोलतायत. शिस्तीचा माणूस, शब्दाचा पक्का माणूस. बोलू देत. तुम्ही कवठे येमाईत बँड काढला आणि चाळीस वर्षं चालवला, हे पंचक्रोशीतल्या बाशिंग बांधलेल्या प्रत्येक कपाळाला ठाऊक आहे. ज्यांच्या वरातीला आपला बँड नव्हता त्यांची लग्नं कायद्यात बसतात की नाही याची मला अजून शंका आहे. ते सगळं राहू द्या. मला तुमच्याशी 'रायबागकर अँड सन्स'बद्दल बोलायचंय, आणि परवा वरवंडला जे झालं त्याबद्दल. ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला शेवंतीला पाणी द्यायचंही सुचत नाही.

किती दुपारी घालवल्या आपण त्या मालिकेत! संध्याकाळी वराती असायच्या, म्हणून आपण दुसऱ्या दिवशीचं दुपारचं रिपीट बघायचो. मी फुलं तोडून, मोटारसायकलला टोपली तशीच बांधलेली ठेवून तुमच्या ओसरीवर हजर. ढोलवाल्यानं, म्हणजे मी, उशीर केलेला तुम्हाला वरातीत चालायचा, रायबागकरांच्या घरी चालायचा नाही. आठशे खोल्यांचा तो बंगला. तीन भावंडं: थोरला विक्रम, मधली उर्मिला, धाकटा रोहन. आणि एक खुर्ची. त्या खुर्चीसाठी तिघं एकमेकांच्या कॉफीत काय काय कालवायचे. एवढी कॉफी त्या घरात प्यायली गेली, पण जेवताना मी कुणाला बघितलं नाही.

तुमचा इरफान एकदा रांजणगावची पहिली शिफ्ट करून आला, कंपनीच्या बुटांसकट दारात उभा राहिला आणि पाच मिनिटं बघून म्हणाला, "अब्बा, ह्यांची फॅक्टरी बनवती काय?"

दोन वर्षं मालिका बघत होतो, हा प्रश्न आपल्याला पडला नव्हता.

"गेटला सिक्युरिटी न्हाई, शिफ्टची बस न्हाई, कुणी पंचिंग करत न्हाई," इरफान म्हणाला. "नुसत्या फायली. असली कंपनी आठ दिवसात बंद पडंल." आणि तो आत जाऊन झोपला. जमिनीला पाठ लागायच्या आधी झोपणारा माणूस मी तोच बघितला.

तुम्ही त्याच्या घोरण्याकडं बराच वेळ बघत होता. तेव्हा मला वाटलं, तुम्ही मालिकेवर बोलल्याचा राग धरलाय.

आणि ती वरात, मास्तर! ती मी मेलो तरी विसरणार नाही. आण्णासाहेब दवाखान्यात, नळ्या लावलेले, आणि नेमकं त्या दिवशी नवरदेव वेळेवर तयार. रिपीटपर्यंत थांबायची तुमची तयारी नव्हती. बँडच्या गाडीवर, दिव्यांच्या मधोमध तुम्ही मोबाईल अडकवला आणि क्लॅरोनेट तोंडात धरून डोळे पडद्यावर. मी मागून ढोल बडवतोय. पोरं नाचतायत. नवरदेव घोड्यावर. आणि तिकडं आण्णासाहेबांच्या छातीची रेघ सपाट झाली. तुमच्या बोटांनी तुम्हाला न विचारता जी धून धरली, ती आपण दहाव्याला वाजवतो ती. पहिल्यांदा नाचणारी पोरं थांबली. मग नवरदेवाच्या मामानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. मग करवल्या हुंदके द्यायला लागल्या. घोडा रडला. लोक म्हणतात घोडा रडत नाही, त्याला घाम आला असेल. डोळ्यातून घाम गाळणारा घोडा मला दाखवा. शेवटी नवरीचा बाप धावत आला, "मास्तर, अहो मास्तर, अजून आमची पोरगी सासरी जायची हाय, आत्तापासनं काय रडवताय!" आणि तुम्ही त्याला गंभीरपणे म्हणालात, "माफ करा. घरात दुखवटा झाला."

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेब शुद्धीवर आले. तुम्ही गावात पेढे वाटायचे राहिलात, ते भाभींमुळं.

आपलं एक भांडण मिटलं नाही. मी म्हणायचो, खुर्ची उर्मिलाची. हुशार पोरगी, कामगारांची नावं पाठ असणारी. तुम्ही म्हणायचा, "जो भांडंल त्याची."

"भांडणानं घर मोडतं, मास्तर."

"मोडू दे. किंमत असल्याबिगर कोण भांडतंय? उकिरड्यासाठी कुणी कोर्टात जातं व्हय?"

"आमच्या चुलत्यांनी उकिरड्यासाठीच अकरा वर्षं केस चालवली."

तुम्ही हसला नाहीत. माझी असली गोष्ट तुम्ही कधी वाया जाऊ दिली नव्हती, पण त्या दिवशी हसला नाहीत. टीव्हीचा आवाज बंद केलात. तीन रायबागकर पडद्यावर मुक्यानं एकमेकांचे गळे धरत होते, आणि तुम्ही म्हणालात, "सोपाना, ह्या म्हाताऱ्याचं नशीब बघ. तीन पोरं, तिघांना बापाचा धंदा पायजे. माझ्या घरात कोण भांडतच न्हाई रं. इरफानला कंपनी हाय. रेशमा दौंडात शिवणक्लास काढून बसली. माझ्या मागं बँड कोण उचलणार? डीजेवाला उचलून भंगारात घालंल."

मी म्हणालो, "चहा सांगतो." चाळीस वर्षं तुमच्या मागं ढोल वाजवणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं. त्याबद्दल मला माफ करा.

मग तो भाग आला. आण्णासाहेबांनी तिन्ही पोरांना एकेकटं बोलावलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "खुर्ची तुझीच. पण कुणाला बोलू नकोस." झालं. तिथून पुढं जे पेटलं ते पाऊणशे भाग विझलं नाही. विक्रमनं बंगल्याला कुलूप लावलं, उर्मिलानं ते तोडलं, रोहननं दोघांवर दावा लावला. तुम्ही मांडी थोपटून म्हणालात, "बेणं हुशार हाय!" आणि मग बराच वेळ तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत होता. मला ते हसू तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. नवरीकडच्यांनी दिलेल्या वेळेच्या आत वरात दारात न्यायची नाही असं ठरवलं की तुम्ही तसं हसायचा.

चार दिवसांनी तुम्ही माझ्या रानात आलात. स्कूटर बांधावर लावली, शेवंतीच्या सऱ्या ओलांडत आलात आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मला खेचलंत. इकडंतिकडं बघितलंत. अर्ध्या कोसात माझ्या म्हशीशिवाय कुणी नव्हतं, तरी तुम्ही तिच्याकडं पाठ केलीत.

"सोपाना, माझ्या मागं बँड तुझा."

"मास्तर, मला सूर म्हंजी काय ते कळत न्हाई. मी ढोल बडवतो."

"घोडा कुणाच्या ठेक्यावर चालतो?"

"माझ्या."

"मग झालं. पण कुणाला बोलू नको. इरफानला न्हाई, रेशमाला न्हाई."

मी कुणालाही बोललो नाही. फक्त बायकोला सांगितलं, आणि म्हशीनं तर ऐकलंच होतं. पण आतून, मास्तर, मला फेटा घट्ट झाल्यासारखं वाटत होतं. बोलायचं राहिलं ते हे: मला बँड हवा होता. वीस वर्षं हवा होता. पण तो इरफानचा हक्क, रेशमाचा हक्क. मी ढोलवाला, फुलवाला. हवाय असं तोंडानं म्हणायची मला लाज वाटली, आणि तुम्हाला वाटलं मला नकोच आहे. रोज दुपारी तुम्ही विचारायचा, "काय रं, गावात काय ऐकलंस?" मी म्हणायचो, "टोमॅटोचा भाव पडला." तुमचं तोंड उतरायचं. टोमॅटो लावले होते मी, आणि वाईट वाटायचं तुम्हाला.

मग ते जेवण. ईद नव्हती, पाहुणा नव्हता, आणि तुम्ही मला, इरफानला आणि दौंडवरून खास रेशमाला बोलावून दालचा-भात केलात. तिघांना समोरासमोर बसवलंत. स्वतः जेवला नाहीत, भिंतीला टेकून आमच्याकडं टक लावून बसलात. घरात काचेची एकही प्लेट मांडली नव्हती, सगळी स्टीलची. भांडणात फेकाफेक झाली तर फुटायला नको म्हणून, हे मला आज कळतंय.

इरफान म्हणाला, "रेशमा."

तुम्ही सरळ झालात.

"मीठ दे."

रेशमानं मीठ दिलं. तुम्ही पुन्हा भिंतीला टेकलात. मी वाढून घेतलं, इरफाननं वाढून घेतलं, रेशमानं उरलेलं डब्यात भरून घेतलं. सगळे हसत घरी गेले. दारात निरोप देताना तुम्ही एवढे खचलेले दिसत होता की रेशमानं मला हळूच विचारलं, "सोपानकाका, अब्बांची शुगर तपासली का?"

आणि गेलात कसे, तर दुपारचं रिपीट लागायच्या आधी. भाभींनी टीव्ही लावला, हाक मारली, तुम्ही उठला नाहीत. रायबागकरांचं गाणं सुरू झालं आणि तरी तुम्ही उठला नाहीत, तेव्हाच भाभींना कळलं.

आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांना वाजतगाजत पोचवलंत. तुम्हाला आम्ही मुकाट्यानं नेलं. आपले बावीस वाजवणारे खांदा देऊन झाल्यावर कब्रस्तानाच्या फाटकाशी उभे होते, आणि हातांचं काय करावं हे एकालाही कळत नव्हतं. भिकाजी ट्रंपेटवाला रिकामी बोटं हवेत दाबत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "दाबत न्हाई मी." मीही मांडीवर ठेका धरला होता. मलाही ते दुसऱ्यानं सांगितलं.

वरवंडची सुपारी तुम्ही स्वतः घेतली होती. तुम्ही गेल्याच्या सहाव्या दिवशीची वरात. आणि तुमचा नियम जगजाहीर: सुपारी घेतली की मोडायची नाही, मग आभाळ पडो. पण तिसऱ्या दिवसाची जियारत झाली तरी त्या वरातीबद्दल घरात कुणी तोंड उघडलं नाही. इरफान गप्प. रेशमा भाभींच्या उशाशी गप्प. मी म्हटलं, बरोबर आहे, यांना नकोच आहे. आता हे माझ्यावर आहे. आणि कुणाला बोलायचं नाही असं तुमचंच सांगणं. मी गुपचूप वाजवणाऱ्यांना फोन लावले. भिकाजी म्हणाला, "व्हय व्हय, येतो. किती येळा सांगाल?" तो पहिल्यापासून उद्धटच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण दुसरा क्लॅरोनेटवालाही तेच म्हणाला, झांजवालाही तेच. मला वाटलं दुःखानं माणसं भ्रमिष्ट झाली. टेम्पोवाला तर म्हणाला, "तिसऱ्यांदा ठरवताय, टेम्पो एकच हाय माझ्याकडं."

भाभींकडं तुमचा लाल कोट मागायला गेलो. पडद्याआडून आवाज आला, "सोपानभाऊ, कोट गेला."

"कुठं गेला?"

"ज्याला पायजे त्यानं नेला."

मी कोटाविना निघालो. शिरूर, न्हावरे, चौफुला, असा सगळा रस्ता टेम्पोत ढोलाला मिठी मारून मी येमाईला एकच सांगत होतो, की बाई, मला सुरातलं काही कळत नाही, आज तेवढं माझं हसं होऊ देऊ नको.

वरवंडला हायवेवरून आत वळलो, तर वरातीच्या ठिकाणी बँडच्या गाडीपाशी इरफान. तुमचा लाल कोट अंगात. खांद्याच्या सोनेरी झालरी त्याच्या कोपरापर्यंत आलेल्या, आणि खाली कंपनीचे बूट. हातात ट्रंपेट, जे त्यानं दहावीनंतर धरलं नव्हतं.

"तू इथं कसा?" मी विचारलं.

"सुट्टी टाकली. तुम्ही कसे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दौंडवरून आलेल्या जीपमधून रेशमा उतरली. पाठीवर कॅसिओ, शाळेच्या गॅदरिंगला वाजवायची तोच. खांद्याच्या पिशवीत सगळ्यांचे नव्या काठांचे फेटे, स्वतः शिवलेले. तिनं आम्हा दोघांना बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"तुम्ही दोघं कशाला आलात? मी करणार होते."

"तू? तू का?"

"कारण…" ती थांबली. मग म्हणाली, "आता सांगायला हरकत न्हाई. अब्बा दौंडला आले होते. म्हणाले, माझ्या मागं बँड तुझा. पण कुणाला बोलू नको."

इरफानच्या हातातलं ट्रंपेट खाली आलं. "मला कंपनीच्या गेटवर येऊन सांगितलं. शिफ्ट सुटताना. कुणाला बोलू नको म्हणाले."

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"मोटारीच्या खोलीमागं," मी म्हणालो.

आणि मग, मास्तर, मग ते झालं. इरफान म्हणाला, "पण मी थोरला हाय." रेशमा म्हणाली, "थोरला असशील, दहा वर्षांत एकदा तरी फुंकलंस का? फेटे कोण शिवतंय? सुपाऱ्यांचे फोन कोण घेतंय?" मी म्हणालो, "आन् घोडा कुणाच्या ठेक्यावर चालतोय?" इरफान ओरडला, "काका, घोड्याला काय कळतंय!" मी ओरडलो, "तुझ्यापेक्षा जास्त कळतंय!" रेशमानं त्याची कोटाची बाही धरली, तिची झालर निघून हातात आली. झांजवाला मध्ये पडला, त्याला तिघांनी मिळून ढकललं. इरफान, तो जमिनीला पाठ लागायच्या आधी झोपणारा इरफान, वरवंडच्या भर रस्त्यात डोळ्यात पाणी आणून ओरडत होता, "माझ्या बापाचा बँड हाय! मला पायजे!" हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. सोलापूरपर्यंत वाहतूक तुंबली होती म्हणतात, मी कमी करून सांगतोय. वऱ्हाड खुर्च्या घेऊन बसलं. एक आजीबाई शेजारणीला म्हणाली, "कुठल्या मालिकेचं शूटिंग हाय गं?"

बारा महिने तुम्ही ज्याची वाट बघितलीत, ते झालं. सहा दिवसांनी चुकलात तुम्ही. मी भांडत होतो, घसा फोडून भांडत होतो, आणि आतून मला एवढा आनंद झाला होता की ओरडताना मध्येच मी हसलो. मग रेशमा हसली. इरफान मात्र अजून लालबुंद होता, फाटक्या झालरीकडं बघत.

तेवढ्यात नवरदेवाचा बाप घाईघाईनं आला. एकदा लाल कोटाकडं, एकदा कॅसिओकडं, एकदा माझ्या ढोलाकडं बघून म्हणाला, "अहो, मुहूर्त निघून चाललाय. तुमच्यात मालक कोण हाय?"

इरफाननं ट्रंपेट कोटाला पुसलं.

"मालक वारले," तो म्हणाला. "वरात कुठनं काढायची?"